संगणकीय संगतवादन : विंडोज आज्ञावल्या व लिनक्स

गायक अथवा वादक यांच्या मुख्य स्वरावलीला ताल, खर्जाचे स्वर व स्वरसंघात यांची जोड संगणकाकरवी देण्याच्या पद्धतीस संगणकीय संगतवादन म्हणतात. साथीदार उपलब्ध नसताना सराव करणे, नव्या चालीचा कच्चा आराखडा ऐकून पाहणे, लहान समारंभात वाद्यवृंदाची उणीव भरून काढणे इ. कामांसाठी या पद्धतीचा उपयोग होतो. तिच्यासाठी तयार झालेल्या प्रमुख आज्ञावल्या बव्हंशी मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या विंडोज आणि ॲपल कंपनीच्या मॅकिंतॉश या परिचालन प्रणालींकरिता लिहिल्या गेल्या. लिनक्स ही मुक्त परिचालन प्रणाली वापरणाऱ्या संगीतकारांना त्यांपासून दीर्घकाळ वंचित राहावे लागले. विंडोजसाठी लिहिलेल्या संगत-आज्ञावल्या लिनक्सवर चालविण्याचे जे प्रयत्न १९९३ नंतर झाले, त्यांचा इतिहास प्रस्तुत नोंदीत दिला आहे. संगीत, संगणकशास्त्र व बौद्धिक संपदेचा कायदा या तिन्ही क्षेत्रांशी त्याचा संबंध येतो.

पूर्वपीठिका : यंत्राकडून साथ घेण्याची कल्पना संगणकापेक्षा जुनी आहे. न्यूयॉर्क येथे अर्व्हिंग क्रॅट्का यांनी १९५० मध्ये ‘म्यूझिक मायनस वन’ ही ध्वनिमुद्रिकांची मालिका सुरू केली. तीत एक वाद्य मुद्दाम वगळलेले असे व ते वाद्य शिकणाऱ्याने ती जागा भरून काढावयाची असे. जॅझ संगीताच्या शिक्षणात याहून मोठा वाटा अमेरिकन सॅक्सोफोनवादक जेमी एबरसोल्ड (१९३९– ) यांच्या मालिकेचा आहे. तिची पहिली ध्वनिमुद्रिका १९६७ मध्ये निघाली व पुढे मालिकेचे १३३ खंड झाले. द्विमार्गी ध्वनिमुद्रणाचा एबरसोल्ड यांनी चतुराईने उपयोग करून घेतला. एका बाजूस बेस व ड्रम, तर दुसऱ्या बाजूस पियानो व ड्रम अशी विभागणी केल्यामुळे पियानो शिकणारा पियानोची बाजू बंद करून उरलेल्या साथीबरोबर वाजवू शके. या मुद्रिकांवर नामवंत वादकांची खरी साथ ऐकावयास मिळे. तथापि लय व पट्टी ठरलेली असे. गायकाला दोन स्वर खाली गावयाचे असले, तर त्या मुद्रिकेचा उपयोग नव्हता.

ही अडचण दूर होण्यास मिडी या संकेतपद्धतीने वाट करून दिली. अमेरिकेतील सीक्वेन्शल सर्किट्स या संस्थेचे डेव्ह स्मिथ (१९५०–२०२२) आणि जपानमधील रोलँड या संस्थेचे इकुतारो काकेहाशी (१९३०–२०१७) यांच्या पुढाकाराने ती सिद्ध झाली. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतील वाद्यव्यापाऱ्यांच्या प्रदर्शनात दोन भिन्न कंपन्यांची वाद्ये या पद्धतीने जोडून दाखविण्यात आली. मिडीतून ध्वनी वाहत नाही, केवळ सूचना वाहतात : अमुक स्वर दाबला, इतक्या जोराने दाबला, सोडला. सेकंदाला ३१,२५० द्विमान अंक या वेगाने, १६ वाहिन्यांवर, या सूचना पाठविल्या जातात. त्यांचे ओझे इतके हलके असते, की त्या काळच्या घरगुती संगणकालाही ते सहज पेलले. सूचनाच हाती असल्यामुळे लय बदलणे म्हणजे काळाचे अंतर बदलणे आणि पट्टी बदलणे म्हणजे एका संख्येत दुसरी संख्या मिळविणे, इतके हे काम सोपे झाले.

बँड-इन-अ-बॉक्स : या क्षेत्रातील सर्वांत प्रभावी आज्ञावली कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील व्हिक्टोरिया या शहरी निर्माण झाली. पीटर गॅनन यांनी १९८८ मध्ये पीजी म्यूझिक ही संस्था स्थापन केली आणि १९९० मध्ये ‘बँड-इन-अ-बॉक्स’ ही आज्ञावली विक्रीस आणली. आरंभीच्या आवृत्त्या अटारी एसटी, आयबीएम-अनुरूप संगणक व मॅकिंतॉश यांसाठी होत्या. अटारी एसटी या १९८५ च्या संगणकाला मिडीची छिद्रे कारखान्यातूनच बसविलेली असत, त्यामुळे संगीतकारांत तो विशेष प्रिय होता.

तिची कार्यपद्धती मुळात साधी आहे. वापरणाऱ्याने कागदावर लिहावे तसे प्रत्येक मात्रागटापुढे स्वरसंघाताचे नाव टंकावयाचे, लय सांगावयाची आणि जॅझ, बोसानोव्हा, वॉल्ट्झ अशांपैकी एक वादनशैली निवडावयाची. शैली म्हणजे प्रत्येक वाद्यासाठी लिहून ठेवलेल्या लहान-लहान वादनतुकड्यांचा संच. कोणता तुकडा किती वेळा यावा, कोणत्या ठिकाणी येऊ नये, स्वरसंघात बदलताना बेसने कोणत्या स्वराकडे झुकावे यांचे नियम त्यात असतात. आज्ञावली या तुकड्यांतून निवड करून बेस, ड्रम, पियानो, गिटार व तंतुवाद्ये यांचे वादन रचते. निवडीत यदृच्छेला वाव असल्यामुळे तेच गीत पुन्हा रचून घेतल्यास साथ थोडी वेगळी होते. एबरसोल्ड यांच्या मुद्रिकेतील पियानोवादक शंभराव्या वेळीही तीच जागा घेतो, हा यंत्र घेत नाही. असे असले, तरी समोरच्या वादकाकडे ऐकून त्याप्रमाणे वळण घेणे हे जे साथीचे मर्म, ते यंत्राला साधत नाही. म्हणून काटेकोरपणे बोलावयाचे, तर हे संगतवादन नसून संगतीचा आराखडाच होय.

२००७ पासून या आज्ञावलीचे स्वरूप पालटले. स्टुडिओत वाजविणाऱ्या व्यावसायिक वादकांकडून सलग वादन ध्वनिमुद्रित करून घ्यावयाचे, त्याचे तुकडे सूचीबद्ध करावयाचे आणि गीताच्या स्वरसंघातांप्रमाणे ते जोडून, आवश्यक तेथे लय व पट्टी गणिती रीतीने बदलून, अखंड वादन तयार करावयाचे अशी ‘रिअलट्रॅक्स’ ही पद्धती तीत आली. मिडीच्या काही किलोबाइटी सूचनांच्या जागी आता खऱ्या ध्वनीचे मोठे साठे आले. संपूर्ण संच बाह्य हार्ड डिस्कवर भरून विकण्यात येऊ लागला. लिनक्सवर ही आज्ञावली चालविणाऱ्यांच्या अडचणी बदलल्या त्या येथूनच.

लिनक्सची बाजू : लीनुस टॉर्व्हाल्ड्स (१९६९– ) यांनी हेलसिंकी येथे विद्यार्थी असताना १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. ज्यांना संगणक आपल्या पूर्ण ताब्यात असावा असे वाटते, ज्यांच्याकडे जुनी यंत्रे आहेत अथवा ज्यांना परवानाशुल्क परवडत नाही, अशांत ही प्रणाली पसरली. त्यांपैकी संगीतकारांपुढे एक विशिष्ट पेच उभा राही. बँड-इन-अ-बॉक्समध्ये वर्षानुवर्षे टंकून ठेवलेली गीते त्या आज्ञावलीच्या स्वतःच्या फाइलरूपात असतात. स्वरावलीविरहित गीताच्या फाइलला एसजीयू, तर स्वरावलीयुक्त गीताच्या फाइलला एमजीयू असे अंत्याक्षर लागते. ही गीते प्रमाण मिडी फाइल म्हणून बाहेर काढता येतात, परंतु तसे करताना ‘अमुक स्वरसंघात, अमुक शैली’ हे ज्ञान बहुतांशी हरवते व एकदा वाजलेले स्वर तेवढे उरतात. शिजलेल्या भातातून धान परत मिळत नाही, तसा हा प्रकार आहे. वीस वर्षांचे शिकवणीचे साहित्य अशा फाइलींत असलेल्या शिक्षकाला परिचालन प्रणाली बदलणे म्हणजे ते साहित्य सोडून देणे ठरे.

विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांचे पाठबळ संपत गेले, तसतसा हा प्रश्न अधिक लोकांना भेडसावू लागला. विंडोज एक्सपीचे पाठबळ ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ चे १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चे सर्वसाधारण पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ साठी ठरविलेल्या यंत्रविषयक अटी अनेक सुस्थितीतील संगणक पुऱ्या करू शकत नाहीत. अशा यंत्रांना लिनक्स हा उघड पर्याय असतो. मात्र त्यावर नेहमीची आज्ञावली चालेल काय, ही शंका आड येते.

वाइन : या शंकेचे उत्तर बहुतेक वेळा ‘वाइन’ या आज्ञावलीवर अवलंबून असते. तिचे काम १९९३ मध्ये बॉब ॲमस्टॅट यांनी सुरू केले. विंडोज ३.१ वरील कार्यक्रम लिनक्सवर चालावेत, हा तेव्हाचा मर्यादित हेतू होता. १९९४ पासून आलेक्सांद्र झ्यूलियार हे तिचे सूत्रधार आहेत. ‘वाइन हे अनुकारक नव्हे’ अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्यातील आद्याक्षरांवरून तिचे नाव पडले असून त्या नावातच तिचे तत्त्व आले आहे. अनुकारक आज्ञावली संपूर्ण यंत्राची नक्कल करते आणि त्यामुळे मंद चालते. वाइन तसे करीत नाही. विंडोजचा कार्यक्रम व लिनक्सचा कार्यक्रम एकाच जातीच्या संस्कारकावर चालत असल्याने त्यांतील यंत्राज्ञा समानच असतात. फरक पडतो तो परिचालन प्रणालीकडे केलेल्या मागण्यांत : ‘खिडकी उघड’, ‘फाइल वाच’, ‘हा स्वर वाजव’. या मागण्या स्वीकारून त्या लिनक्सच्या भाषेत पुऱ्या करणारे आज्ञावली-संग्रह वाइनने नव्याने लिहून काढले. विंडोजची ‘सी’ ही डिस्क येथे वापरणाऱ्याच्या घरच्या फोल्डरातील एक उपफोल्डर बनते व विंडोजची नोंदवही साध्या मजकुराच्या फाइलींत ठेवली जाते.

हे काम सांगण्यास सोपे, करण्यास अतिशय चिवट ठरले. मायक्रोसॉफ्टने प्रसिद्ध केलेले दस्तऐवज अपुरे असत आणि अनेक कार्यक्रम दस्तऐवजात नसलेल्या वर्तनावर, प्रसंगी विंडोजमधील दोषांवरही, विसंबून असत. दोषासकट नक्कल करणे भाग पडे. वाइनची १.० ही आवृत्ती १७ जून २००८ रोजी, म्हणजे आरंभानंतर सुमारे १५ वर्षांनी निघाली. २००२ मध्ये तिचा परवाना बदलून, सुधारणा करणाऱ्याने त्या सार्वजनिक कराव्यात अशी अट घालण्यात आली. २०१८ मध्ये व्हॉल्व्ह या खेळ-वितरक कंपनीने वाइनवर आधारित ‘प्रोटॉन’ प्रसिद्ध केले व त्यानंतर कामाला वेग आला. संगीतकारांना झालेला लाभ हा खेळणाऱ्यांसाठी खर्चिलेल्या पैशाचा आनुषंगिक लाभ होय, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

ध्वनीचे प्रश्न : वाइनवर संगत-आज्ञावली पहिल्यांदा उघडणाऱ्याचा सामान्य अनुभव असा, की खिडकी उघडते, गीत उघडते, कर्सर मात्रेमात्रेने पुढे सरकतो आणि काहीही ऐकू येत नाही. कारण सरळ आहे. मिडी म्हणजे केवळ सूचना. त्या ऐकून नाद काढणारे वाद्य कोठेतरी असावे लागते. विंडोजमध्ये रोलँडच्या नादसंग्रहावर आधारलेले एक लहानसे आभासी वाद्य प्रणालीसोबतच येते, म्हणून तेथे हा प्रश्न जाणवत नाही. लिनक्समध्ये तसे वाद्य आपणहून चालू नसते. वाइन मिडीच्या सूचना ‘आल्सा’ या लिनक्सच्या ध्वनिव्यवस्थेकडे प्रामाणिकपणे पोहोचविते, पण पलीकडे ऐकणारे कोणी नसते. ‘फ्लुइडसिंथ’ अथवा ‘टिमिडिटी’ यांसारखे आभासी वाद्य आधी सुरू करून, त्याला नादांचा एक संच पुरवून, मग आज्ञावलीत ते वाद्य निवडले, की साथ वाजू लागते. पुष्कळांनी या एका अज्ञानापायी आज्ञावली लिनक्सवर चालत नाही असा निष्कर्ष काढला, हे खेदजनक आहे.

दुसरा प्रश्न विलंबाचा. आल्सा ही व्यवस्था यारोस्लाव्ह किसेला यांनी १९९८ मध्ये हाती घेतली व डिसेंबर २००३ मधील लिनक्स २.६ पासून ती प्रमाण ठरली. तिच्यावर पॉल डेव्हिस यांनी प्रारंभ केलेली ‘जॅक’ ही व्यावसायिक दर्जाची जोडव्यवस्था उभी राहिली. २००४ मध्ये सुरू झालेली ‘पल्सऑडिओ’ ही सर्वसामान्य वापरासाठी होती. एकाच ध्वनिपत्त्यावर या दोन व्यवस्थांचा अंमल एकाच वेळी बसत नसे, आणि संगीतकाराला एक बंद करून दुसरी सुरू करण्याचा उपद्व्याप करावा लागे. वीम टायमन्स यांनी लिहिलेल्या ‘पाइपवायर’ने दोहोंची कामे एकत्र आणली, फेडोरा या लिनक्स-वितरणाने २०२१ मध्ये ती प्रमाण म्हणून स्वीकारली. विंडोजवरील व्यावसायिक आज्ञावल्या ‘असिओ’ नावाची, स्टाइनबर्ग कंपनीची जोडव्यवस्था वापरतात. तिच्या मागण्या जॅककडे वळविणारा ‘वाइनअसिओ’ हा दुवाही उपलब्ध झाला. सूचनांना निश्चित वेळेत प्रतिसाद देणाऱ्या गाभ्याचे काम सुमारे २० वर्षे लिनक्सच्या बाहेर, वेगळ्या जोडपत्राच्या रूपात चालले होते. ते नोव्हेंबर २०२४ मधील लिनक्स ६.१२ मध्ये मुख्य गाभ्यात सामावले गेले.

विलंबाचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. सेकंदाला ४८,००० नमुने या वेगाने २५६ नमुन्यांचा एक साठा रिता होण्यास सु. ५.३ सहस्रांश सेकंद लागतात. हवेत ध्वनी तेवढ्या वेळात पावणेदोन ते दोन मी. अंतर तोडतो, म्हणजे रंगमंचावर दोन वादक एकमेकांपासून जितके दूर बसतात, साधारण तितकाच हा विलंब आहे. शिवाय संगत-आज्ञावलीच्या बाबतीत ही काळजी पुष्कळदा अनाठायी असते. संगणकाने साथ वाजवावी व माणसाने आपले व्हायोलिन अथवा बासरी वाजवावी, एवढाच उपयोग असेल, तर साथ अर्धा सेकंद उशिरा सुरू झाली तरी बिघडत नाही. ती एकदा सुरू झाल्यावर अखंड चालली पाहिजे. येथे मोठा साठा हितकारकच असतो. कळपट्टीवर दाबलेला स्वर संगणकातूनच ऐकावयाचा असेल, तेव्हाच कमी विलंब आवश्यक ठरतो.

रिअलट्रॅक्समुळे आणखी एक अडथळा आला. विंडोजच्या आवृत्तीत हे ध्वनिसाठे मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या संक्षिप्त ध्वनिरूपात साठविलेले असतात आणि ते उलगडण्यासाठी विंडोजच्या अंगभूत घटकांचा आधार घेतला जातो. हा भाग वाइनमध्ये दीर्घकाळ अपुरा होता. त्यामुळे मिडीची वाद्ये वाजत, ध्वनिमुद्रित वाद्ये मात्र मूक राहत. ‘वाइनट्रिक्स’ या साधनाने मायक्रोसॉफ्टचे मूळ घटक आणून बसविणे हा प्रचलित उपाय होता. अर्थात ते घटक वापरण्याचा परवाना आपल्यापाशी आहे की नाही, याचा विचार थोड्यांनीच केला. ज्या बाह्य डिस्कवर हे साठे येतात, तिची एनटीएफएस ही रचना लिनक्सच्या गाभ्याला पूर्ण क्षमतेने वाचता-लिहिता येऊ लागली ती २०२१ मधील ५.१५ या आवृत्तीपासून.

जुन्या आवृत्त्यांचे जतन : विंडोज ३.१ च्या काळातील संगत-आज्ञावल्या १६ द्विमान अंकी होत्या. विंडोजच्या ६४ द्विमान अंकी आवृत्त्यांवर त्या चालतच नाहीत आणि विंडोज ११ (२०२१) केवळ ६४ द्विमान अंकी रूपातच निघाली. ६४ द्विमान अंकी लिनक्सवर मात्र वाइनच्या साहाय्याने त्या पुष्कळदा चालतात. विंडोजसाठी लिहिलेली आज्ञावली विंडोजवर न चालता तिच्या प्रतिस्पर्धी प्रणालीवर चालावी, हा एक मौजेचा उलटफेर होय. ही सोयही एकदा धोक्यात आली होती. २०१४ मध्ये सुरक्षेतील एक त्रुटी बुजविताना लिनक्सच्या गाभ्यात अशा कार्यक्रमांना मज्जाव करण्यात आला. वाइन वापरणाऱ्यांची अडचण लक्षात आल्यावर त्रुटी वेगळ्या रीतीने दूर करून ती वाट पुन्हा खुली झाली. जून २०१९ मध्ये उबुंटू या वितरणाने ३२ द्विमान अंकी आज्ञावली-संग्रह पुरविणे थांबविण्याचे जाहीर केले, तेव्हा वाइनचे कार्यकर्ते व व्हॉल्व्ह यांच्या आक्षेपांमुळे त्याला काही दिवसांतच माघार घ्यावी लागली. २०२४ च्या आरंभी निघालेल्या वाइन ९.० मध्ये ३२ द्विमान अंकी कार्यक्रम केवळ ६४ द्विमान अंकी लिनक्सवर चालविण्याची नवी रचना आली. एमएस-डॉसच्या काळातील आवृत्त्यांसाठी ‘डॉसबॉक्स’ हा खराखुरा अनुकारक वापरावा लागतो.

कायदेशीर बाजू : दुसऱ्याच्या प्रणालीची कार्ये पुन्हा लिहून काढणे ही चोरी आहे काय? वाइनवर यासंबंधी थेट निवाडा झालेला नाही. तथापि यूरोपीय संघाच्या न्यायालयाने २ मे २०१२ रोजी एसएएस इन्स्टिट्यूट विरुद्ध वर्ल्ड प्रोग्रॅमिंग या प्रकरणात आज्ञावलीचे कार्य लेखाधिकाराने संरक्षित नसते, असे ठरविले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२१ रोजी गूगल विरुद्ध ओरॅकल या खटल्यात सहा विरुद्ध दोन मतांनी जावा भाषेतील मागण्यांच्या घोषणांचा गूगलने केलेला वापर न्याय्य ठरविला. अशा घोषणांना लेखाधिकार असतो की नाही, हा मूळ प्रश्न मात्र न्यायालयाने टाळला. या निर्णयांमुळे सुसंगततेसाठी केलेल्या पुनर्लेखनाला बळ मिळाले. प्रत्यक्ष संगत-आज्ञावलीचा परवाना अर्थातच विकत घ्यावा लागतो. वाइन त्यातून कोणाची सुटका करीत नाही.

स्वतंत्र आज्ञावल्या : विंडोजचा आधार न घेता लिनक्सवर चालणाऱ्या संगत-आज्ञावल्याही निर्माण झाल्या. बॉब व्हॅन डर पूल यांची ‘एमएमए’ ही त्यांतील उल्लेखनीय आज्ञावली पायथन भाषेत आहे. योगायोग असा, की तिचे कर्तेही ब्रिटिश कोलंबियातीलच. स्वरसंघात व शैली यांची साध्या मजकुरात लिहिलेली फाइल घेऊन ती मिडी फाइल तयार करते. खिडक्या-चित्रे तीत नाहीत, म्हणून नवशिक्यास ती रुक्ष वाटते. परंतु तिच्यासाठी लिहिलेले गीत कोणत्याही संगणकावर, पन्नास वर्षांनीही, निदान वाचता येईल. अमेरिकेतील हार्वी मड कॉलेजमध्ये रॉबर्ट केलर यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेली ‘इंप्रो-व्हायझर’ ही जॅझमधील उत्स्फूर्त वादन शिकविण्यासाठी आहे. ‘जेजॅझलॅब’ ही त्यांहून अलीकडची मुक्त आज्ञावली वापरण्यास सोपी आहे. ध्वनिमुद्रित वादकांच्या साथीची बरोबरी मात्र यांपैकी एकीलाही करता आलेली नाही. तो प्रश्न आज्ञालेखनाचा नसून वादकांना मोबदला देण्याचा आहे.

भारतीय संगीताच्या दृष्टीने : वरील सर्व आज्ञावल्या स्वरसंघातांच्या पायावर उभ्या आहेत. रागसंगीतात तो पाया नाही. तेथे साथ म्हणजे तानपुऱ्याचा अखंड स्वर, तबल्याचा ठेका आणि हार्मोनियम अथवा सारंगीचा मागोवा. त्यामुळे भारतातील कलावंतांची गरज प्रथम बंगळूरच्या रेडेल या संस्थेच्या आणि तत्सम इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यांनी व तबलायंत्रांनी भागविली. पुढे विंडोज व मॅकिंतॉश यांसाठी ‘स्वरशाला’ यासारख्या आज्ञावल्या आल्या. एकल तबलावादनासाठी लागणारा लेहरा, उदा., त्रितालाच्या १६ मात्रांचे एकच आवर्तन, मुळातच न बदलता फिरत राहणारा असतो. त्याच्या रचनेसाठी शैलींचे व नियमांचे अवडंबर लागत नाही आणि लिनक्सवरील कोणत्याही साध्या मिडीवादकाकडून तो वाजवून घेता येतो. ठेक्याचे तसे नाही. विलंबित ख्यालात गायक समेकडे कसा येत आहे हे पाहून तबलजी मात्रा किंचित सैल अथवा घट्ट करतो. लय आधी ठरवून घेणाऱ्या उपर्युक्त आज्ञावल्यांना हे करता येत नाही. मराठी भावगीते व चित्रपटगीते यांचे कार्यक्रम करणाऱ्या वाद्यवृंदांचा प्रकार वेगळा आहे. त्यांच्या वाद्यमेळात स्वरसंघातांचा सर्रास वापर असल्याने पाश्चात्त्य संगत-आज्ञावल्या तेथे थेट उपयोगी पडतात. केरवा व दादरा यांच्या शैली मात्र वापरणाऱ्याला बहुधा स्वतःच बांधून घ्याव्या लागतात.